गॅलरीतला गप्प ससा

काल रात्री तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुझी लेक सोफ्यावर बसली आहे, तिच्या मांडीवर तो लोंबत्या कानांचा ससा उताणा पडलाय, चारी पाय वर, डोळे सताड उघडे. मागून तुझा आवाज येतो, "बघा बाई, किती शांत आहे. काही म्हणजे काही त्रास नाही." फोनवर बोलले असते तर तू "हो बाई, हो बाई" म्हणून मोकळा झाला असतास. वर्गातही तेच करायचास. म्हणून लिहून देते आहे. पूर्ण वाच आणि बायकोलाही वाचायला दे.

तो शांत नव्हता, अरे. तो भीतीने थिजला होता. ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून जन्माला येणारा जीव. कोल्ह्याच्या, घारीच्या तावडीत सापडल्यावर सुटकेची वाट उरली नाही की त्याचं शरीर आपोआप निपचित पडतं. उताणं केलं की त्याला तेच वाटतं, आता आपण धरले गेलो. अशा अवस्थेतल्या सशांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली आहे. बाहेरून झोपल्यासारखा दिसणारा ससा आतून ताणाने धडधडत असतो. तू हसत हसत चित्रण करत होतास तेव्हा तुझ्या लेकीच्या मांडीवर एक जीव मरणाची वाट बघत होता. आणि ती पोर त्याच्या पोटावरून हात फिरवत होती, तिला वाटत होतं आपण त्याचे लाड करतो आहोत. तिचा काहीच दोष नाही. तिला सांगायला हवं होतं ते तू.

"शांत आहे" या दोन शब्दांवर तू सगळा संसार उभा केला आहेस. कुत्र्याला दुखलं की ते कण्हतं, मांजर ओरडून घर डोक्यावर घेतं. ससा दुखणं लपवतो, कारण रानात जो कमजोर दिसतो त्याच्यावरच आधी झडप पडते. तो कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसला की तुला वाटतं बसलाय निवांत. तो दात करकर वाजवतो तेव्हा तुझी लेक म्हणते, "बाबा, काहीतरी चघळतोय." कुरवाळताना दातांचा अगदी हलका आवाज आला तर तो सुखाचा. मोठ्याने, थांबून थांबून दात घासले जात असतील तर पोटात कळ आहे असं समजायचं. हा फरक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळला पाहिजे. ससा बोलणार नाही. बघायचं काम तुमचं.

काय बघायचं, तर सगळ्यात आधी लेंड्या. नाक मुरडू नकोस. तुझी आजी रोज सकाळी गोठ्यात जाऊन तेच बघायची आणि कुठल्या शेळीचं पोट बिघडलंय हे डॉक्टरच्या आधी सांगायची. २००९ साली मोहन्याची एनआरसी कंपनी बंद पडली, तुझ्या वडिलांची देणी अडकली, गावात घराघरात चणचण होती. त्या दिवसांतही तुझ्या आजीने शेळीचा चारा चुकवला नाही. त्याच घरातला मुलगा आज मला सांगतो, "बाई, पिंजरा आठवड्याने साफ करतो, त्यामुळे लक्ष जात नाही." रोज जायला हवं लक्ष. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो, खाणं सुटतं, आणि खाणं सुटलं की आतडं आणखी थंडावतं. त्याला उलटीही करता येत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. लेंड्या गोल, भरघोस, कोरड्या आहेत तोवर ठीक. बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या, कमी पडल्या, तर सावध व्हायचं. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर त्याच घटकेला डॉक्टर. "उद्या सकाळी बघू" हे वाक्य सशाच्या बाबतीत तोंडातून काढायचं नाही.

आणि हो, तुझी आई परवा म्हणाली की ससा घाणेरडा आहे, स्वतःचंच खातो, म्हणून तिने त्याला हाकललं. तिला समजावून सांग. सशाला दोन तऱ्हेचं मलविसर्जन होतं. एक त्या कोरड्या लेंड्या. दुसरे मऊ, ओलसर, द्राक्षांच्या घोसासारखे बारीक गोळे, बहुधा रात्री किंवा पहाटे. हे गोळे तो थेट तोंडाने उचलून खातो. गवतातलं जे पहिल्या खेपेला पचलं नाही ते सत्त्व आणि जीवनसत्त्वं तो असा दुसऱ्यांदा मिळवतो. गाय रवंथ करते तेव्हा तुम्ही तिला हात जोडता. हा त्याच कामाचा दुसरा रस्ता आहे. ते खाऊ दिलं नाही तर तो खंगेल.

आता त्याच्या ताटाकडे येते. गाजर, बिस्किट, पोळीचा तुकडा, वर दुकानातले रंगीत दाणे. हे वाचून तुझे कान पकडावेसे वाटले. सशाचे दात २८ आणि ते सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत तासन्तास आडवं चावून चावून ते झिजायला हवेत, त्यासाठीच ते तसे आहेत. बिस्किट दोन घासांत विरघळतं. मग दाढा वेड्यावाकड्या वाढतात, त्यांची टोकं जिभेत आणि गालात रुततात, आणि भूक असूनही ससा खाऊ शकत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गाजर गोड असतं, ते कधीतरी नखाएवढं द्यायचं. चित्रांच्या पुस्तकातल्या सशाच्या हातात गाजर असतं म्हणून तुझ्या सशाचं पोट बदलत नाही.

त्याच्या खाण्यात पाचातले चार वाटे वाळलेलं गवत हवं, अष्टौप्रहर, हवं तेवढं. पिंजऱ्यात गवत संपलेलं कधी दिसता कामा नये. परदेशी टिमोथी गवताची पिशवी परवडत नाही असं तू म्हणालास. मान्य. मग आपल्याकडे काय आहे ते बघितलंस का? मुरबाड-शहापूरकडचं वाळलेलं गवत, ज्याला इकडे पावली म्हणतात, ते तबेल्यांना येतं. एखाद्या तबेलेवाल्याला विचार. फक्त वास घेऊन घे. कुबट, बुरशी धरलेलं, धुळीने भरलेलं गवत आणायचं नाही. भाताचा पेंढा त्याच्या अंगाखाली चालेल, पोट भरायला नको. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक, सहा महिने उलटले की ती बंद, तिच्यात चुना जास्त असतो आणि मोठ्या सशाच्या मूत्राशयाला तो बाधतो. आणि आंबिवलीच्या पुढच्याच स्टेशनावर, टिटवाळ्याच्या गणपतीसमोर, दूर्वांच्या जुड्या विकायला बसलेल्या बायका तू लहानपणापासून बघतो आहेस. दूर्वा म्हणजे हरळीच. सशासाठी ते उत्तम हिरवं खाणं. घरी आणून स्वच्छ धू, पाणी निथळू दे, मग घाल. रुळांच्या कडेचं, गटाराच्या काठचं गवत उपटून आणू नकोस. तिथे कुत्री मुततात आणि तणनाशक मारलेलं असतं.

भाजीत कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पालाही चालतो. पालक कमी. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट कधीच नाही. गॅलरीतलं ते मनी प्लांट आणि खालच्या आवारातली कण्हेर, दोन्ही त्याच्यासाठी विषारी आहेत. पेलेट द्यायचेच तर रोज मूठभराहून कमी. आणि हे सगळं वाचून आज रात्रीच बिस्किटं बंद करून भाराभर पाला घालू नकोस. गवत आजपासून, बाकीचं थोडं थोडं करत आठ-दहा दिवसांत बदल. सशाच्या पोटाला एकदम केलेला बदल सोसत नाही.

ज्या कानांवर भाळून तू त्याला घरी आणलंस त्या कानांबद्दल तुला कोणी काही सांगितलं नाही. दुकानदाराने "हॉलंड लॉप" म्हटलं आणि तू पैसे मोजलेस. ही जात निसर्गात नव्हती. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग गावच्या आद्रियान द कॉक नावाच्या माणसाने १९४९ पासून वर्षानुवर्षं ठेंगणे ससे आणि मोठे लोंबकानी ससे यांचा संकर करून ती घडवली. १९६४ मध्ये तिकडे तिला मान्यता मिळाली. माणसाला गोंडस दिसावं म्हणून सशाचे कान खाली पाडले. त्याची किंमत ससा मोजतो. कान जिथे वाकतो तिथे कानाची नळी चेपते, हवा खेळत नाही, मळ साठतो, पू होतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये ३० सशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोंबत्या कानांच्या सशांत नळी आकसलेली, मळ साचलेला, कान तपासताना वेदना होणारे ससे जास्त आढळले. दातांच्या तक्रारीही त्यांच्यातच अधिक होत्या. तुझा ससा मान एका बाजूला कलती धरतो असं तुझी लेक मला म्हणाली. तिला ते "क्यूट" वाटलं. मला ते ऐकून झोप लागली नाही. कदाचित कान दुखत असेल, कदाचित संसर्ग आत पोचला असेल. ते मी ठरवणार नाही आणि तूही ठरवायचं नाहीस. कापसाची काडी आत घालायची नाही, गरम तेल सोडायचं नाही. डॉक्टरला दाखवायचं.

मग गॅलरी. तुझी गॅलरी पश्चिमेची, वरचा मजला, वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी तीन वाजता तू स्वतः तिथे पाच मिनिटं उभा राहत नाहीस. सशाला मानवतं ते १५ ते २० अंशांचं हवामान. ३० च्या वर गेलं की तो संकटात असतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंगही गार करता येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. त्याला आजच घरात आण. फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात, पण झोत अंगावर नको. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून जवळ ठेव, तो टेकून बसेल. वीज गेली की ओल्या हाताने कान पुसायचे. बादलीत बुडवायचं नाही. आठवड्याला आंघोळ घालायची हे दुकानदाराने सांगितलं ते साफ खोटं आहे. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. भिजवलं तर भीतीने आणि गारठ्याने तो दगावू शकतो. पावसाळ्यात उल्हास नदी फुगते आणि घरंसुद्धा ओलसर होतात, तेव्हा त्याचं बूड कोरडं आहे की नाही हे रोज बघायचं. ओल्या, मळलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या कातडीत शिरतात.

एनआरसीच्या जुन्या जागेवर सिमेंटचा प्रकल्प येणार म्हटल्यावर २०२५ साली अख्खं मोहने धुळीबद्दल बोलत होतं. तूही तावातावाने बोललास, पोरांच्या छातीत काय जाईल म्हणून. बरोबर होतं ते. पण त्याच वेळी तुझ्या घरातल्या त्या पिंजऱ्यात आठवडाभराचं मूत साचून डोळ्यांना झोंबणारा वास येत होता. ससा फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेत नाही. त्या वासाने नाकाच्या आतली त्वचा जळते, मग शिंका, मग वाहतं नाक, मग फुफ्फुसं. श्वास काय फक्त आपल्यालाच लागतो? कोपऱ्यात एक पसरट ट्रे ठेव, त्यात वर्तमानपत्र आणि वर गवत. ससा विधीसाठी एकच जागा धरतो, त्याला सवय लागते. ट्रे रोज बदलायचा. फिनाईल नको.

आणि पिंजऱ्याच्या तळाची ती तारेची जाळी काढ. कुत्र्या-मांजराच्या तळव्याला असते तशी गादी सशाला नसते, नुसते केस. जाळीवर उभं राहून राहून ते केस झडतात, कातडी सोलते, जखमा हाडापर्यंत जातात. तळवे कधी उलटून पाहिलेस? नाही, कारण तो ओरडला नाही. इंग्लंडमधली सशांसाठी काम करणारी संस्था दोन सशांना ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागा सांगते. तुझ्या दोन खोल्यांत तेवढी वेगळी जागा निघणार नाही हे मला कळतं. म्हणूनच त्याला खोलीतच मोकळं सोडायला हवं, वायरी आणि चार्जर उचलून. पिंजरा फक्त झोपायला, दार उघडं ठेवून. लपायला एक खोका, दोन बाजूंनी भोकं पाडलेला.

उचलणं बंद. तुझी लेक पाचवीत आहे, तिच्या हातातून तो सुटला आणि मागच्या पायांनी झटका मारला तर त्याचा कणा मोडतो. सशाचे स्नायू दांडगे आणि हाडं हलकी असतात. कान धरून तर उचलायचंच नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. लेकीला सांग, जमिनीवर बस, पाय पसर, हातात कोथिंबिरीची काडी धर आणि वाट बघ. तो आपणहून मांडीशी आला की ते प्रेम. ओढून मांडीवर घेतला तर नव्हे. ही वाट बघायला ती शिकली तर माझ्या चार वर्षांच्या मराठीच्या तासांपेक्षा जास्त शिकेल.

औषधांबद्दल दोन गोष्टी, कारण त्या जिवावरच्या आहेत. शेजारच्या कुत्र्याचा गोचीड मारायचा फवारा सशाला मारायचा नाही. त्यात फिप्रोनिल असतं आणि ते सशाला मारक ठरतं. आणि मेडिकलमधून लहान मुलांचं अँटिबायोटिक आणून पाजायचं नाही. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जीवाणू मरतात आणि त्यापाठोपाठ ससाही. लघवी कधी लालसर दिसली तर लगेच घाबरू नकोस, खाण्यातल्या रंगानेही तसं होतं. पण शंका असेल तर विचार. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, ससे हाताळणारे कमी. तो आजारी पडायच्या आधी असा डॉक्टर शोधून ठेव. कल्याण-डोंबिवलीत फोन करून विचार, ठाण्यात विचार. कुठेच जमलं नाही तर परळ आहे, तिथे १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच डॉक्टरला नसबंदीचंही विचार. मादी असेल तर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार. नर असेल तरी करून घे. ससा कळपाचा प्राणी आहे, त्याला सोबत हवी. पण ती नसबंदी झाल्यावर आणि नीट ओळख करून दिल्यावरच, नाहीतर एका महिन्यात घरात पिल्लांचा ढीग होईल आणि ती पिल्लं तू अशीच कुणालातरी वाढदिवसाला वाटशील.

तू म्हणालास, "बाई, फारच जड झालं तर नदीकाठी सोडून देईन, गवत भरपूर आहे." हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलं, याचा मला संताप आहे. आपल्या रानातला ससा वेगळा आणि हा वेगळा. रानसशाची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि उघड्यावर जगतात. याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. याला ना बीळ खणायला जागा मिळणार, ना धावायला दम, कान तर खालीच पडलेले. भटकी कुत्री एका रात्रीत त्याला संपवतील. पाळलेला प्राणी असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. इतका कमी की त्याच्या भीतीने तू काही करशील अशी माझी अपेक्षाच नाही. तू माझा विद्यार्थी आहेस म्हणून करशील.

"मुलीने हट्ट केला" हे कारण मला सांगू नकोस. हट्ट करणं तिच्या वयाचं काम आहे, विचार करणं तुझ्या. नीट राखलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. तुझी लेक दहावीला बसेल, कॉलेजला जाईल, तिच्या मैत्रिणी होतील, परीक्षा होतील, तेव्हाही त्याला रोज सकाळी गवत लागेल. ते घालणारे हात तुझे असणार आहेत. तिला जबाबदारी शिकवायची म्हणून तू तिच्यावर सगळं टाकलंस आणि स्वतः बाजूला झालास. त्यातून ती फक्त एवढंच शिकेल की जीव आणायचा आणि कंटाळा आला की दुसऱ्याकडे ढकलायचा. तिने ते तुझ्याकडे बघूनच शिकायचं आहे.

मी रविवारी सकाळी येते आहे. तोवर तारेची जाळी निघालेली असू दे, ससा गॅलरीतून आत आलेला असू दे, आणि त्या कलत्या मानेसाठी डॉक्टरकडे तू उद्याच जाऊन ये, रविवारची वाट बघायची नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून एका वहीत लिही, दर रविवारी, शेजारी त्या दिवशीचं खाणं आणि लेंड्यांची नोंद. वजन घसरलं की दुखणं लपवायची त्याची सगळी धडपड त्या आकड्यात उघडी पडते. वही मी तपासणार आहे. अक्षर तुझं हवं, लेकीचं चालणार नाही.